अलार्म निघाला, वायरी राहिल्या

ऑटो इलेक्ट्रिकच्या कामात नव्याने येणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी एका बॅटरीची गोष्ट सांगतो. ती बॅटरी माझ्या सांगण्यावरून घेतली गेली आणि तिची गरज नव्हती.

पुण्यात औंधच्या आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा ट्रेड करून मी सिंहगड रोडवरच्या एका वायरमन मिस्त्रींकडे कामाला लागलो होतो. आयटीआयत वायरिंग शिकवतात, पण फळीवरची. बल्ब, स्विच, हॉर्न समोर ठोकलेले, प्रत्येक वायर दिसते. गाडीत डॅशखाली उताणं झोपून, तोंडात टॉर्च धरून बघावं लागतं. आणि ज्याने आधी हात घातलाय त्याने काय केलं असेल हे कुठल्याच नकाशात नसतं.

सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त सरांची 2001 ची मारुती झेन टोचन करून आली. सरांनी पूर्वी बाहेरून रिमोटवाला अलार्म बसवून घेतला होता. बॉनेटवर मांजर बसलं तरी कोकलायचा. शेवटी वाड्याच्या दारावर, कुणाचं नाव न घेता, पाटी लागली. मग त्यांनी तो काढून टाकला.

"तेव्हापासून रुसलीय," सर म्हणाले. चार-पाच दिवस उभी राहिली की बॅटरी झोपते. बॅटरी चांगली असतानाही कधीकधी सेल्फ लागत नाही, नुसतं टक् होतं. आणि इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा तालावर डोलतो.

मी मल्टिमीटर लावला. 11.9 व्होल्ट. पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, हे पाठ होतं. "सर, बॅटरी गेली," मी सांगून मोकळा झालो. सरांनी नवी घेतली. सहाव्या दिवशी गाडी पुन्हा टोचनला.

मिस्त्री एवढंच म्हणाले, "बॅटरी मेली हे दिसलं तुला. मारली कुणी?"

मग त्यांनी मला लीकेज, म्हणजे बंद गाडीत गुपचूप वाहणारा करंट, मोजायला लावलं. निगेटिव्हची केबल काढायची आणि केबल व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर लावायचा. लाल पिन 10 अँपिअरच्या भोकात. दार उघडं ठेवून काम करायचं असेल तर दाराच्या दिव्याचा स्विच दाबलेला राहील असं करायचं, नाहीतर आतला दिवाच मोजत बसाल. मीटर असा लावलेला असताना चावी फिरवायची नाही. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज क्षणात जातो. माझा एकदा गेलाय.

आकडा आला 0.32 अँपिअर. घड्याळ आणि टेपची मेमरी मिळून अशा जुन्या गाडीला 20-30 मिलिअँपिअर पुरतात. 50 च्या आत असेल तर मी झोपतो. 0.32 म्हणजे दिवसाला साडेसात अँपिअर-तासांहून जास्त. 35 अँपिअर-तासाची बॅटरी साडेचार दिवसांत रिकामी. सरांचा हिशेब तंतोतंत जुळत होता आणि तो मी ऐकून सोडून दिला होता. गिऱ्हाईक दिवस सांगतं तेव्हा ते लिहून घ्या.

एकेक फ्यूज काढत गेलो. आकडा ढिम्म. मला वाटलं मीटर बिघडला. मिस्त्री चहा पितापिता म्हणाले, "फ्यूजबॉक्समधून जातच नसेल तर?" बॅटरीच्या प्लसवर मूळ जाड केबलच्या शेजारी एक बारकी वायर दाबून बसवली होती, फ्यूजबिज काही नाही. ती उचलली आणि आकडा 0.02 वर आला.

ती वायर फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून, स्टिअरिंगखाली जात होती. टेपच्या गुंडाळ्यात दोन चौकोनी रिले निघाले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच. गाडी रात्रभर बंद होती आणि रिले हाताला कोमट लागत होते! हा कोमटपणा लक्षात ठेवा; बंद गाडीत काही गरम असेल तर तिथे करंट चाललाय.

रिलेवरचे आकडे एकदा समजून घेतले की आयुष्यभर पुरतात. 85 आणि 86 ही कॉइलची टोकं. 30 वर सप्लाय येतो, कॉइल ओढली की 87 ला जातो. कॉइल शांत असताना 30 चं नातं 87 ए शी असतं. अशी एक कॉइल सुमारे दीडशे मिलिअँपिअर घेते. दोन म्हणजे तीनशे. सापडला चोर. अलार्मचा डबा काढणाऱ्याने उरलेली टोकं एकत्र पिळून टेप मारला होता. अलार्मच्या सगळ्या वायरी काळ्या, त्यातली एक अर्थिंगची. दोन्ही कॉइलींना कायमचं अर्थिंग मिळालं आणि त्या दिवसरात्र ओढून बसल्या.

सेल्फची भानगड जास्त शिकवून गेली. चोराला गाडी चालू करता येऊ नये म्हणून अलार्मवाले चावीकडून सेल्फला जाणारी वायर कापून मध्ये रिले टाकतात. रिले काढला की ती दोन टोकं मूळ वायरसारखी जोडायला हवीत. इथे नुसती पिळून टेप लावला होता. उन्हात टेपचा डिंक सुटला, तांबं हिरवं पडलं. मी सेल्फकडची वायर सोडून चावी फिरवत मीटर लावला, तर 12 व्होल्ट. "वायर ठीक आहे," मी म्हणालो.

मिस्त्रींनी खिशातून दोन वायरी डागलेला 21 वॅटचा बल्ब काढला आणि तिथेच लावला. तांबूस, मेणबत्तीसारखा पेटला. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे एका केसाएवढ्या तारेतूनही त्याला पूर्ण व्होल्ट दिसतात. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. जोड कच्चा असेल तर तिथेच उघडा पडतो. मग वायर परत बसवून सेल्फ मारताना मोजलं, तर व्होल्ट पार खाली. जोड कापून थिंबल (वायरची टोकं दाबून जोडायची धातूची नळी) दाबली, वर स्लीव्ह चढवली. (थिंबल का डाग, म्हणजे सोल्डर, यावर वायरमन लोक भांडतात. हलत्या वायरीत डाग जिथे संपतो तिथे तार मोडते, म्हणून मी थिंबलवाला.) हा बल्ब नव्या गाड्यांत एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरजवळ किंवा ईसीयूच्या, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या, वायरींना मात्र लावू नका.

काट्याचा नाच पाच मिनिटांचं काम होतं. अलार्मवाल्याने आपली अर्थिंग कंपनीच्या बोल्टखाली दिली होती, काढताना बोल्ट पुन्हा आवळलाच नाही. डॅशवरच्या काट्यांचं अर्थिंग तिथूनच. घासून, आवळून टाकला.

सराव कुठे करायचा असं पोरं विचारतात. रविवारी नाहीतर बुधवारी जुन्या बाजारात जा, भंगारातल्या गाडीचं अख्खं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, मिळतंय का बघा. घरी फरशीवर पसरा, एक टोक धरून कागदावर काढत जा. स्लीव्ह, थिंबल, चांगली पक्कड तापकीर गल्लीत मिळते. पक्कडीत पैसे वाचवू नका. गिऱ्हाइकाच्या गाडीत हात घालण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, आणि बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह. प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर काय होतं हे एकदा बघितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

सरांच्या नव्या बॅटरीचे निम्मे पैसे मी तीन पगारांत फेडले. सर नको म्हणत होते, मिस्त्री हो म्हणत होते.

जूनमध्ये सरांचा फोन आला. गाडी मस्त चालतेय, पण पायाखालचं कार्पेट ओलंचिंब आहे. ती बारकी वायर मी फायरवॉलमधून ओढून काढली होती. भोकात रबर घालायला विसरलो होतो.