सुया लावून घ्यायला जाताना

फिजिओथेरपीत दुखण्यावर ॲक्युपंक्चर आणि ड्राय नीडलिंगच्या सुया लावायला लागून मला बारा वर्षं झाली. पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दुखेल का हो?" माझाही ठरलेलाच: "सकाळपासून काही खाल्लंय का?"

सुरुवातीच्या दिवसांत मानदुखीच्या एका धट्ट्याकट्ट्या तरुणाला मी खुर्चीवर बसवूनच सुया लावल्या होत्या. चौथी लावते न लावते तोच गडी पांढराफटक पडला, कपाळाला दरदरून घाम. सगळ्या सुया भराभर काढल्या, आडवं केलं, पाय वर घेतले, तेव्हा कुठे पाच मिनिटांनी भानावर आला. उपाशी होता, आणि मी विचारलंच नव्हतं. म्हणून पोटात थोडं काहीतरी ढकलून जा. पहिलीच वेळ असेल तर "मी झोपूनच घेईन" असं स्पष्ट सांगा.

आणखी काय सांगायचं? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, फिट्स, मधुमेह. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला आम्ही सुई लावत नाही. कधीकधी सुयांना विजेचा हलका करंट जोडतात; पेसमेकर असेल तर तो जोडायचा नाही. हे फॉर्मवर लिहिलेलं असलं तरी तोंडानेही सांगा. फॉर्म वाचायचे राहून जातात, माझेही राहिलेत.

सुईचं पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. एकदा वापरली की फेकायची, यात तडजोड नाही. ही सुई इंजेक्शनसारखी पोकळ नसते. भरीव आणि जाडीला साधारण ०.२५ मिलिमीटर. नळीतून टिचकी मारून आत घालतात, त्यामुळे टोचल्यापेक्षा टिचकीच जास्त कळते. मग जडपणा, मुंग्या किंवा खोलवर मंद ठणका येतो. तो चालतो. ड्राय नीडलिंगमध्ये, म्हणजे आखडलेल्या स्नायूच्या गाठीतच सुई घालतात तेव्हा, ती गाठ टचकन उडते, तेव्हा दचकायला होतं, पण तेही ठीक. झिणझिण करत चटका गेला तर मात्र सहन करत पडू नका. हलायचं नाही, बोलायचं.

मान आणि खांद्यामधला मांसल भाग आम्ही चिमटीत धरून, वर उचलून मगच सुई घालतो, कारण त्याच्या खालीच फुफ्फुसाचं टोक असतं. मान, पाठ किंवा छातीवर सुया लावल्यानंतर धाप लागली, श्वास घेताना छातीत दुखलं, तर फोन करून आम्हाला विचारत बसू नका, सरळ इमर्जन्सीत जा. सुई फुफ्फुसाला लागणं फार क्वचित होतं, पण होतं. बारीकसा काळानिळा डाग किंवा दिवसभराचा ठणका याची काळजी नको.

आता माझा हट्टाचा मुद्दा. सुयांनी दुखणं उतरलं की लोक घरी जाऊन झोपतात आणि मग म्हणतात, "दोन दिवस बरं होतं, परत सुरू." होणारच! ते दोन दिवस व्यायामाचे असतात. दुखतं म्हणून जी हालचाल करता येत नव्हती, ती तेव्हा करून घ्यायची. माझ्याकडे टेबलाच्या मागे भिंतीवर घड्याळ आहे. सुया लावण्याआधी मी पेशंटला पुढे तोंड करून बसवते आणि खांदा न हलवता मान मागे वळवायला सांगते, घड्याळाचा किती भाग दिसतो ते विचारते. कुणाला नुसती कड दिसते. वीस मिनिटांनी सुया काढल्या की पुन्हा तेच. आकडे दिसायला लागले की लगेच मान वळवायचे व्यायाम, तिथेच, माझ्यासमोर. घरीही अशीच एखादी खूण धरून ठेवा आणि रोज बघा.

खरंच उपयोग होतो का, असं विचारतात. कोणते उपचार द्यावेत ते सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस (NICE) या संस्थेनं २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नका म्हटलं आणि २०२१ मध्ये दुसरं कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी मर्यादित सेशन्सचा विचार करा म्हटलं. त्यामुळे मी आधीच ठरवून घेते: चार-पाच वेळा लावून खुणेत फरक पडला नाही तर सुया बंद. तुमच्याकडे कुणी आकडा न सांगता "चालू ठेवू या" म्हणत असेल तर कधी थांबायचं ते विचारा.

आणि उठण्याआधी सुया मोजायला सांगा. एकदा एकीच्या केसांत राहिलेली सुई तिला घरी कंगव्यात सापडली होती. तेव्हापासून किती घातल्या ते मी हातमोज्याच्या पाकिटावर लिहून ठेवते.