हेडफोनला किंवा अ‍ॅम्पच्या डब्याला पॅनेल-माउंट जॅक (भिंतीत भोक पाडून नटाने आवळायचा जॅक) बसवताय? आधी या चुका टाळा

हेडफोनची वायर तुटते ती बहुतेक वेळा दोनच ठिकाणी: पिनच्या गळ्याशी, नाहीतर इयरकपमधून बाहेर येते तिथे. कायमची वायर काढून तिथे 3.5 मिमीचा जॅक बसवला की पुढच्या वेळी फक्त वायर बदलायची. काम तासाभराचं वाटतं आणि बिघडलं की सगळे सोल्डरिंगला दोष देतात. माझं मत वेगळं आहे. जॅक हा आधी यांत्रिक भाग आहे, विजेचा नंतर. बहुतेक घोळ सोल्डरिंग आयर्न तापण्याआधीच होऊन गेलेला असतो.

भोक पाडण्याआधी मोजमाप न घेणं

सर्वात महाग पडणारी चूक हीच, कारण चुकलेलं भोक बुजवता येत नाही. तीन मापं घ्या.

पहिलं भिंतीच्या जाडीचं. या जॅकच्या नळीवर आटे असतात. नळी भोकातून बाहेर काढून वरून नट आवळायचा. पण छोट्या जॅकांवर आटे जेमतेम 4-5 मिमी लांबीचे असतात आणि त्यातलेच दीडदोन मिमी नट खातो. म्हणजे भिंत दोन-अडीच मिमीपेक्षा जाड असली की नट दोन आट्यांवर लटकतो किंवा बसतच नाही. लाकडी कप किंवा थ्रीडी प्रिंट केलेल्या डब्यात हे हमखास होतं. उपाय: आतल्या बाजूने, जॅकच्या अंगाएवढ्या रुंदीचा खळगा करून तेवढीच जागा पातळ करा.

दुसरं माप आतल्या खोलीचं. 3.5 मिमी पिनचा धातूचा भाग साधारण 14 मिमी लांब असतो. काही जॅक मागून उघडे असतात आणि पिन पूर्ण आत गेली की टोक जॅकच्या मागून थोडं बाहेर येतं. शिवाय टॅग (वायर सोल्डर करायच्या जॅकच्या पट्ट्या) आणि वायरीचं वळण. हे सगळं ड्रायव्हरच्या, म्हणजे कपातल्या छोट्या स्पीकरच्या, मागच्या बाजूला टेकायला नको. कॅलिपरने मोजा, आणि जॅकमध्ये पिन घालूनच मोजा.

तिसरं माप लोक विसरतात: पिनच्या मुठीची जाडी. जॅक खोल खाचेत बसवला आणि वायरीच्या पिनची मूठ जाड निघाली, तर पिन शेवटचे दोन मिमी आत जातच नाही. मग एकच कान वाजतो आणि आपण सोल्डर पुन्हा पुन्हा तापवत बसतो.

भोकाचा आकार जॅकच्या नळीवरून ठरवा. 3.5 मिमीच्या बऱ्याच जॅकांना 6 मिमीचं भोक लागतं, जाड धातूच्या अंगाच्या काहींना 8. गिटार-अ‍ॅम्पवर असतो त्या 6.35 मिमी जॅकला सुमारे 9.5 मिमी. आधी टाकाऊ प्लास्टिकच्या तुकड्यावर भोक पाडून नळी घालून बघा.

थेट मोठं ड्रिल लावणं

प्लास्टिकवर मोठं ड्रिल वेगात फिरवलं तर ते कापत नाही, वितळवतं किंवा तडा देतं. वर मास्किंग टेप, मग 2 मिमीचं भोक, मग टप्प्याटप्प्याने मोठं. स्टेप ड्रिल असेल तर उत्तम, नसेल तर शेवटचा अर्धा मिमी गोल कानशीने. ड्रायव्हर आधी काढून दूर ठेवा. त्याच्या चुंबकाला लोखंडाचा बारीक कण चिकटला आणि पडद्यापर्यंत पोचला, की खरखर कायमची. धातूचा डबा असेल तर ही काळजी दुप्पट.

नट आवळताना जॅक फिरू देणं

पुढून नट फिरवला की मागे जॅकही फिरतो आणि टॅगवरच्या वायरी पिळल्या जातात. म्हणून जॅक आधी पक्का बसवा, सोल्डर नंतर. दातेरी वॉशर आतल्या बाजूला, साधा बाहेर. सैल होतो म्हणून थ्रेडलॉकर (आटे पकडून ठेवणारा द्रव) लावू नका: त्याने एबीएस आणि पॉलीकार्बोनेटसारख्या प्लास्टिकला बारीक तडे जातात. आतून इपॉक्सीचा एक थेंब पुरे, पण तो जॅकच्या आतल्या, पिनला टेकणाऱ्या पात्यांपर्यंत वाहू देऊ नका. बंद कपाच्या हेडफोनमध्ये जॅकभोवतीची फटही बुजवा. हवा गळली की बास पातळ होतो.

सोल्डर करताना जॅक रिकामा ठेवणं

आतल्या पात्या प्लास्टिकमध्ये धरलेल्या असतात. टॅग जास्त वेळ तापला की प्लास्टिक मऊ होतं, पाती जागची हलते, आणि पुढे पिन सैल लागते. जॅकमध्ये एक जुनी पिन घालून ठेवा. पात्या जागेवर राहतात आणि उष्णताही थोडी शोषली जाते. 63/37 (कथील-शिसं) सोल्डर 183 अंश सेल्सियसला वितळतं, त्यामुळे स्वच्छ टॅगवर दोन-तीन सेकंद पुरतात. टॅग आणि वायर दोन्हीवर आधी वेगवेगळं सोल्डर चढवा.

हेडफोनच्या रंगीत बारीक तारांवर इनॅमलचा (वीज अडवणाऱ्या लाखेचा) थर असतो. तार तांब्यासारखी चमकते म्हणून ती उघडी आहे असं समजू नका. टोकाला सोल्डरचा गोळा धरून थर जाळा किंवा बारीक पॉलिश पेपरने घासा. हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) तारेत आधी घाला, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो.

जोडणी अंदाजाने करणं

स्टिरिओ पिनचं टोक म्हणजे डावा, मधली रिंग उजवा, मागचा लांब भाग ग्राउंड. कोणता टॅग कशाला जातो ते जॅकच्या चित्रावरून नाही, पिन घालून मल्टिमीटरने ठरवा. काही जॅकांवर पाच टॅग असतात. जादाचे दोन टॅग, पिन घातलेली नसतानाच जोडलेले राहतात आणि पिन घातली की सुटतात. चुकून त्यांवर वायर जोडली तर पिन घातल्यावर आवाज बंद. माइकवाल्या चार भागांच्या पिनमध्ये आणखी एक गंमत आहे, जोडणीच्या दोन पद्धती आहेत: सीटीआयए पद्धतीत ग्राउंड दुसऱ्या रिंगवर आणि माइक शेवटी, ओएमटीपीमध्ये नेमकं उलट.

धातूच्या डब्यात जॅकची नळी डब्याला टेकते आणि तीच ग्राउंड असते. बॅटरीवर चालणाऱ्या, घरी जुळवायच्या ‘सीमॉय’ हेडफोन अ‍ॅम्पमध्ये हेच अंगाशी येतं: तिथे हेडफोनचा ग्राउंड बॅटरीच्या मधोमध असतो, आणि पॉवरचा सॉकेटही त्याच डब्याला टेकला तर शॉर्ट. इन्सुलेटेड जॅक घ्या, म्हणजे ज्याची नळी ग्राउंडला जोडलेली नसते.

पीएएम8403 सारख्या छोट्या अ‍ॅम्प बोर्डवर स्टिरिओ हेडफोन जॅक थेट लावू नका. त्याच्या दोन्ही बाजूंच्या वजा तारा ग्राउंड नाहीत, त्यांवरही आवाजाचा सिग्नल असतो. जॅकच्या एकाच ग्राउंडवर त्या एकत्र बांधल्या तर चिप शॉर्ट होते. ब्लूटूथ हेडफोनला वायरीचा जॅक जोडतानाही हाच धोका: ड्रायव्हरच्या दोन्ही तारा आतल्या बोर्डपासून सुटतील अशी सोय हवी, नुसता साधा स्विचवाला जॅक पुरत नाही.

आवाज बिघडलाच तर

गायकाचा आवाज गायब, वाद्यं मात्र दुरून ऐकू येतात? ग्राउंड तुटलाय. दोन्ही ड्रायव्हर एकामागोमाग जोडले जातात आणि दोन्ही बाजूंना सारखं असलेलं सगळं ऐकूच येत नाही. गायकाचा आवाज मधोमध ठेवलेला असल्याने तोच जातो.

दोन्ही कान वाजतात पण बास हरवलाय आणि आवाज डोक्यात एका जागी बसत नाही? एका ड्रायव्हरच्या तारा उलट्या आहेत.

बाकीचं मीटरवर. 32 ओहमच्या हेडफोनला, वायर जोडून पिनवर मोजलं तर टोक ते ग्राउंड सुमारे 32, रिंग ते ग्राउंड तितकंच, टोक ते रिंग साधारण 64 यायला हवं. फक्त टोक-रिंग 64 दाखवतं आणि बाकी दोन उघडी (मीटर काहीच जोडणी दाखवत नाही), तर ग्राउंड तुटका. एखाद्या बाजूला जवळपास शून्य, तर त्या टॅगवर सोल्डरचा पूल शोधा. टोक-ग्राउंड 64 आणि टोक-रिंग 32 आलं, तर रिंग आणि ग्राउंडची अदलाबदल झाली आहे. आकडे बरोबर, पण पिन हलवली की उड्या मारतात? सोल्डरला हात लावू नका. आधी नट आवळा, आणि पिन पूर्ण आत जाते का ते बघा.