कॅनडातल्या अभ्यासक्रमाचा दर्जा घरबसल्या कसा तपासाल?

"डीएलआय नंबर आहे ना, मग काळजी नको." कॅनडाला निघालेल्या मुलांना हा सल्ला एजंटापासून मावसभावापर्यंत सगळे देतात. तो अर्धवट आहे. डीएलआय नंबर म्हणजे त्या संस्थेला परदेशी विद्यार्थी घ्यायची परवानगी आहे, एवढंच. तुमचा अभ्यासक्रम कोण शिकवतं, तो शेवटचा कधी तपासला गेला, त्यात काय उणं निघालं, यातलं काहीही त्या नंबरावरून कळत नाही.

"रँकिंग बघ" हा दुसरा सल्लाही तितकाच निरुपयोगी. जागतिक क्रमवारीचा भर संशोधनावर आणि विद्यापीठाच्या नावलौकिकावर असतो. दोन वर्षांच्या कॉलेज डिप्लोमाला त्या यादीत जागाच नसते.

मी कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात राहते. पुणे, नाशिक, सांगलीहून ओळखीची मुलं आणि त्यांचे आईवडील ऑफर लेटर पाठवून "हे बरं आहे का?" असं विचारतात, तेव्हा मी ज्या क्रमाने तपासते तो क्रम खाली दिला आहे. ऑन्टारिओबद्दल जास्त लिहिलंय, कारण तिथली कागदपत्रं मी सर्वांत जास्त वाचली आहेत.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. आपल्याकडे कॉलेजला नॅकचं मानांकन मिळतं, तसं संपूर्ण कॅनडासाठी मानांकन देणारी एकही संस्था नाही. १८६७ च्या घटनेनुसार शिक्षण हा प्रांतांचा विषय आहे आणि ओटावात केंद्रीय शिक्षण मंत्रालय नाही. त्यामुळे "कॅनडा सरकारकडून मानांकित कॉलेज" अशी जाहिरात दिसली की तिथेच सावध व्हा. असं मानांकन अस्तित्वातच नाही.

१. ऑफर लेटरमधून तीन गोष्टी लिहून काढा

संस्थेचं पूर्ण अधिकृत नाव, मिळणाऱ्या पदवीचं किंवा प्रमाणपत्राचं नेमकं नाव आणि वर्ग जिथे भरणार त्या कॅम्पसचा पत्ता.

२. संस्था खरी आहे का

सीआयसीआयसी या राष्ट्रीय माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी आहे. त्यात नाव शोधा. पाच मिनिटांचं काम.

३. कोणत्या प्रांतात कोण तपासतं

ऑन्टारिओत विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांवर क्वालिटी काउन्सिलची नजर असते. ही व्यवस्था २०१० पासून आहे. सरकारी कॉलेजांसाठी ओसीक्यूएएस ही वेगळी सेवा आहे. कॉलेज किंवा खासगी संस्था पदवी देणार असेल, तर पीईक्यूएबी हे मंडळ तपासणी करून मंत्र्यांना शिफारस करतं. अल्बर्टात कॅम्पस अल्बर्टा क्वालिटी काउन्सिल आहे, ब्रिटिश कोलंबियात डिग्री क्वालिटी असेसमेंट बोर्ड. नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड या तिघांचा मिळून १९७४ पासून एक आयोग आहे, एमपीएचईसी. क्वीबेकचा कारभार वेगळा आणि बहुतांशी फ्रेंचमध्ये.

ब्रिटिश कोलंबियातल्या संस्था 'ईक्यूए' (एज्युकेशन क्वालिटी अ‍ॅश्युरन्स) हे चिन्ह मोठ्या अभिमानाने मिरवतात. परदेशी विद्यार्थी घ्यायचे तर तिथे ते चिन्ह लागतंच. म्हणजे ती किमान अट आहे, उत्तम दर्जाची खूण म्हणून तिच्याकडे पाहू नका.

४. शिकवणार कोण, हे पत्त्यावरून ओळखा

नाव सरकारी कॉलेजचं, पण वर्ग दुसऱ्याच शहरातल्या खासगी संस्थेच्या इमारतीत, असे करार ऑन्टारिओत वर्षानुवर्षं चालले. अभ्यासक्रम सरकारी कॉलेजचा, शिक्षक आणि जागा खासगी भागीदाराची. १५ मे २०२४ किंवा त्यानंतर अशा परवाना-करारावरच्या अभ्यासक्रमात दाखल झालेल्यांना शिक्षणानंतरचा वर्क परमिट मिळत नाही. म्हणून कॅम्पसचा पत्ता कॉलेजच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शोधा. तिथे 'पार्टनर' हा शब्द दिसला, तर कॉलेजला लेखी विचारा: हा वर्ग तुमचे शिक्षक घेतात की भागीदाराचे?

पूर्णपणे खासगी कॉलेज असेल, तर ते बंद पडल्यावर फी परत मिळायची सोय आहे का, ते आधी बघा. जानेवारी २०२२ मध्ये क्वीबेकमधली तीन खासगी कॉलेजं अचानक बंद झाली आणि अडकलेल्यांत मोठ्या संख्येने भारतीय विद्यार्थी होते. ओटावातल्या भारतीय उच्चायोगाला त्यासाठी सूचनापत्रक काढावं लागलं. ऑन्टारिओ आणि ब्रिटिश कोलंबियात नोंदणीकृत खासगी संस्थांच्या विद्यार्थ्यांसाठी संरक्षण निधी आहेत, पण ते मंजूर अभ्यासक्रमांनाच लागू होतात. संस्था नोंदणीकृत असणं पुरेसं नाही, तुमचा अभ्यासक्रमही त्या यादीत हवा.

५. पुनरावलोकनाचा अहवाल वाचा

खरी मेहनत इथे आहे आणि बहुतेक लोक इथवर येतच नाहीत. मलाही ही पायरी बराच काळ जड गेली, कारण अहवाल सापडले तरी ते कसे वाचायचे हे कुणी सांगत नव्हतं.

ऑन्टारिओतल्या प्रत्येक सरकारी विद्यापीठाला आपला प्रत्येक अभ्यासक्रम निदान आठ वर्षांतून एकदा तपासून घ्यावा लागतो. आधी विभाग स्वतःचा आढावा लिहितो. मग दुसऱ्या विद्यापीठांतले, विभागाशी हितसंबंध नसलेले प्राध्यापक भेट देतात, विद्यार्थ्यांशी आणि शिक्षकांशी बोलतात आणि शिफारशी करतात. त्यावर विभाग आणि डीन लेखी उत्तर देतात. या सगळ्याचा 'फायनल असेसमेंट रिपोर्ट' तयार होतो आणि त्याला जोडून अंमलबजावणीचा आराखडा. त्याचा सारांश आणि आराखडा संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवणं विद्यापीठाला बंधनकारक आहे. म्हणजे हा कागद तुम्हाला फुकट मिळतो, आणि तो लिहिणाऱ्यांचा तुमच्या फीशी काही संबंध नसतो. कुठल्याही ब्रोशरपेक्षा मी तो वरचढ मानते.

विद्यापीठाचं नाव, विषय आणि 'फायनल असेसमेंट रिपोर्ट' हे शब्द इंग्रजीत टाकून शोधा. बहुधा तो प्रोव्होस्टच्या (विद्यापीठाचा शैक्षणिक कारभार पाहणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या) कार्यालयाच्या पानावर सापडतो, विभागाच्या पानावर क्वचितच.

सापडला की सुरुवातीची स्तुती सोडून द्या. "उत्साही प्राध्यापक, आपुलकीचं वातावरण" हे जवळपास प्रत्येक अहवालात असतं. थेट शिफारशींवर जा.

शिफारशी पुष्कळ आहेत म्हणून घाबरू नका. पंधरा शिफारशी असलेला विभाग वाईट आणि चार असलेला चांगला, असा हिशेब करणारे सल्लागार मी पाहिलेत. तो हिशेब साफ चुकीचा आहे. बाहेरून आलेल्या परीक्षकांचं कामच सुधारणा सुचवणं असतं. पाहायचं ते हे की शिफारस कशाबद्दल आहे. निवृत्त झालेल्या प्राध्यापकांच्या जागा भरल्या नाहीत, बहुतेक विषय कंत्राटी शिक्षकांवर चालतात, प्रयोगशाळेतली उपकरणं जुनी झालीत, एका मार्गदर्शकाकडे फार विद्यार्थी आहेत: यातलं काही निघालं तर ते तुमच्या रोजच्या शिक्षणावर येणार आहे. "विभागाने आपली ओळख अधिक ठळक करावी" अशा शिफारशीवर झोप घालवू नका.

को-ऑप म्हणजे अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून कंपनीत करायचं काम. त्याबद्दलचं प्रत्येक वाक्य दोनदा वाचा. आपली मुलं को-ऑपच्या भरवशावर कर्ज काढतात. "को-ऑप कार्यालयाचं मनुष्यबळ वाढवावं" असं परीक्षक लिहितात, तेव्हा आज ते पुरत नाही हे उघड आहे. एजंटाने को-ऑपची हमी दिली असेल, तर हे वाक्य त्याच्यासमोर ठेवा.

आता आराखड्याचा तक्ता. त्यात शिफारस, करायची कृती, जबाबदार व्यक्ती आणि मुदत असे रकाने असतात. माझ्या मते अख्ख्या अहवालात सर्वांत बोलका भाग हाच. "पुढच्या सत्रापर्यंत नवी प्रयोगशाळा, जबाबदारी विभागप्रमुखाची" हे उत्तर आहे. "निधी उपलब्ध झाल्यास विचार करू" ही टाळाटाळ आहे. मुदती उलटून गेल्या असतील तर विभागाला विचारा की त्या गोष्टी झाल्या का.

सर्वांत मोठा धोका पुढे आहे. एका विषयाच्या बीएस्सी, एमएस्सी आणि पीएचडीचं पुनरावलोकन पुष्कळदा एकत्रच होतं. अहवाल प्रबंध लिहिणाऱ्या एमएस्सीचं तोंडभरून कौतुक करतो आणि तुम्ही जिथे निघालात त्या प्रबंधाविना, फक्त विषय घेऊन करायच्या एम.इंग.सारख्या (मास्टर ऑफ इंजिनिअरिंग) अभ्यासक्रमाला दोन ओळी मिळतात. त्या दोन ओळी शोधा. आपल्याकडची कितीतरी मुलं याच प्रकारच्या अभ्यासक्रमांना जातात, आणि तिथे वर्ग किती मोठे आहेत, वरिष्ठ प्राध्यापक प्रत्यक्ष शिकवतात का, हे त्या दोन ओळींतूनच कळतं. विभाग नामांकित आहे म्हणून त्यातला प्रत्येक अभ्यासक्रम नामांकित ठरत नाही.

अभ्यासक्रम नवीन असेल तर पहिलं पुनरावलोकन व्हायला आठ वर्षंही लागू शकतात. अशा वेळी क्वालिटी काउन्सिलच्या संकेतस्थळावर त्याच्या मंजुरीचा निर्णय बघा. मंजुरीसोबत पुढे अहवाल द्यायची अट असेल, तर ती अट कशाबद्दल आहे ते वाचा. नव्या अभ्यासक्रमाला मी सरसकट नाही म्हणत नाही, पण पहिल्या तुकडीत कर्ज काढून जाणाऱ्याला मी तसं स्पष्ट बजावते.

अहवाल सापडलाच नाही, तर प्रोव्होस्टच्या कार्यालयाला ईमेल करा. चार ओळी पुरतात: शेवटचं पुनरावलोकन कधी झालं, पुढचं कधी आहे, सारांश कुठे मिळेल. हे विचारण्यात उद्धटपणा नाही. ही माहिती सार्वजनिक आहे.

कॉलेजांच्या बाबतीत इतकी तपशीलवार कागदपत्रं मिळत नाहीत. ओसीक्यूएएस अभ्यासक्रमांऐवजी कॉलेजची स्वतःची गुणवत्ता-यंत्रणा तपासते. तिथे दोन गोष्टी हाताशी येतात. मंत्रालयाने अनेक अभ्यासक्रमांसाठी ठरवलेली मानकं, म्हणजे शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय काय यायला हवं त्याची यादी. आणि पदवीधरांपैकी किती जणांना सहा महिन्यांत काम मिळालं, याचे जाहीर आकडे. संपूर्ण कॉलेजचा आकडा सोडा, तुमच्या अभ्यासक्रमाचा शोधा.

कॉलेज स्वतः पदवी देत असेल तर माहितीपत्रकात एक वाक्य असायला हवं: हा अभ्यासक्रम मंत्र्यांच्या लेखी संमतीने, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. त्या तारखा बघा. त्याच वाक्याच्या पुढे असंही लिहिलेलं असतं की ही पदवी नोकरीसाठी किंवा परवान्यासाठी चालेल का, याची खात्री विद्यार्थ्याने स्वतः करून घ्यावी. सरकारने इतकं स्पष्ट बजावलेलं असताना ते न वाचता फी भरू नका.

६. व्यवसायाचा परवाना लागणार असेल तर

नर्सिंगसारख्या क्षेत्रात प्रांताच्या नियामक संस्थेने मंजूर केलेला अभ्यासक्रमच घ्या. इथे तडजोड नाही.

इंजिनिअरिंगमध्ये एक गैरसमज फार पसरलाय. सीईएबी हे कॅनडातलं इंजिनिअरिंग मान्यता मंडळ फक्त पदवीपूर्व अभ्यासक्रमांना मान्यता देतं. एम.इंग.ला त्याची मान्यता नाही म्हणून तो कमअस्सल ठरत नाही, आणि "आमचा मास्टर्स सीईएबी-मान्य आहे" असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

७. प्रमाणपत्राचा दर्जा

ऑन्टारिओतलं कॉलेज ग्रॅज्युएट सर्टिफिकेट हे मास्टर्स नव्हे. ते पदवीनंतर घेतात, पुष्कळांना कामही मिळवून देतं, पण 'पीजी' म्हणून मास्टर्सच्या भावात ते विकणाऱ्यांपासून दूर राहा. उद्या परत येऊन प्राध्यापकी किंवा सरकारी नोकरी करायची असेल, तर परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे यूजीसीचे २०२५ चे नियम आधी वाचा.

८. फी भरण्यापूर्वी

ऑफर लेटर खरं आहे का, हे संस्थेच्या प्रवेश कार्यालयाला तुम्ही स्वतः विचारा. एजंटाने दिलेल्या ईमेलवर नाही, संकेतस्थळावरच्या पत्त्यावर. डिसेंबर २०२३ पासून इमिग्रेशन खातं प्रत्येक पत्राची संस्थेकडून खातरजमा करून घेतं, पण तोवर तुमची फी भरून झालेली असते. उत्तर येईपर्यंत पैसे पाठवू नका, एजंटाने जागा जाईल असं कितीही सांगितलं तरी.