मधुमेहात मेंदू जपायचा तर आधी उतरलेली साखर ओळखा

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले: २६.४ टक्के. घरोघरी गोळ्या आहेत, पण धास्ती असते ती फक्त साखर वाढण्याची. मेंदूला ग्लुकोज जवळजवळ साठवताच येत नाही, रक्तातून येईल त्यावरच तो चालतो. म्हणून साखर उतरली की पहिला फटका त्यालाच बसतो.

आधी घरातल्या सगळ्यांना लक्षणे सांगून ठेवा: दरदरून घाम, हातांना कंप, अचानक चिडचिड, अडखळते बोलणे. आजोबा असंबद्ध बोलू लागले तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, लगेच बोटाची साखर तपासा. ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली असेल तर चहाचे तीन चमचे साखर (साधारण १५ ग्रॅम) पाण्यात विरघळवून द्या. मीटर हाताशी नसेल तरी द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, चढली नसेल तर तेवढीच परत द्या. चढल्यावर अर्धी पोय (गोव्याचा पाव) किंवा थोडे शीत (भात) खायला द्या. अशा वेळी चॉकलेट किंवा दोदोल (नारळाच्या रसातली मिठाई) मात्र नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवा आणि १०८ला फोन करा.

मग कारण शोधा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि जेवण राहिले, असेच बहुधा घडलेले असते. एकादशीचा किंवा तयेचा (हरतालिकेचा) उपास असेल तर डोसाचे डॉक्टरांना आधीच विचारा. उपाशीपोटी फेणी तर अजिबात नको. यकृत दारू निस्तरण्यात गुंतले की रक्तात साखर सोडायचे त्याचे काम मंदावते. शिवाय झिंग आणि उतरलेली साखर बाहेरून सारखीच दिसते, त्यामुळे घरचे ‘झोपू दे’ म्हणतात. तेच जिवावर बेतू शकते.

चढी साखर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या सावकाश खराब करते. एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) बहुतेकांनी ७ टक्क्यांच्या आत ठेवावे. वारंवार साखर उतरणाऱ्या वृद्धांना डॉक्टर ८पर्यंत मुभा देतात, ती हयगय नव्हे. रक्तदाबही सहसा १३०/८०च्या आत हवा. पावसाळ्यात रोज सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर आणि लोणचे ताटात असेल तर मीठ तिथूनच येते.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षे चालू असेल तर तिने बी१२ जीवनसत्त्व घटू शकते; ते वर्षातून एकदा तपासून घ्या, शाकाहारी घरात तर नक्कीच. विसराळूपणा आणि पायांच्या मुंग्या यांचा दोष मधुमेहाला दिला जातो, आणि कधीकधी खरे कारण असते बी१२ची कमतरता. ती गोळ्यांनी किंवा इंजेक्शनने भरून निघते, मात्र फार उशीर झाला तर नसांचे नुकसान पूर्ण भरून येत नाही.