शून्य मिनिटाची नळी

मातीतल्या बुरशीपासून सेल्युलेज (सेल्युलोज तोडून साखर करणारं एन्झाइम) काढायचा प्रकल्प घेतला असेल, तर बुरशी मिळेल का याची काळजी करू नका. उसाच्या कुजक्या पाचटाखालची चिमूटभर माती पुरते. रोझ बेंगॉल माध्यमावर बुरशी वेगळी करणं, सीएमसीच्या (पाण्यात विरघळणारं सेल्युलोज) प्लेटवर काँगो रेड रंगाने सेल्युलेजचं वलय बघणं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ट्रायकोडर्मा रीसी या सेल्युलेजवाल्या बुरशीचा मूळ स्ट्रेनसुद्धा दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सैन्याच्या सडलेल्या कापडावरच सापडला होता.

माझं घोडं अडलं ते मोजमापात. गव्हाच्या कोंड्यावर सात दिवस बुरशी वाढवली, बफरमध्ये अर्क काढला, सीएमसीबरोबर ५० अंशांवर अर्धा तास ठेवून डीएनएस (साखरेबरोबर उकळलं की लाल होणारं रसायन) लावलं. नळ्या गडद लाल, म्हणजे सेल्युलेज भरपूर, असं मी धरलं. चार महिने मी त्याच आकड्यांचे आलेख काढत होते.

मग एके दिवशी एका नळीत डीएनएस आधी घातलं, अर्क नंतर. डीएनएस अल्कधर्मी, त्यात एन्झाइम काम करूच शकत नाही. तरी पाच मिनिटं उकळल्यावर ती नळी अर्ध्या तासाच्या नळीइतकीच लाल! मी स्टँड हातात धरून तशीच उभी राहिले. कोंड्यात स्टार्च असतो, बुरशी त्याची साखर करणारं अमायलेजही सोडते, आणि सुटलेली साखर अर्कात उतरते. डीएनएसला साखर कळते, ती कुठली हे कळत नाही. मी मोजत होते ती बहुतेक कोंड्याचीच साखर.

म्हणून एन्झाइम ब्लँक, म्हणजे डीएनएस आधी घातलेली ही शून्य मिनिटाची नळी, लावाच आणि तिचा आकडा वजा करा. तोही प्रत्येक नमुन्याचा वेगळा, कारण तिसऱ्या दिवसाच्या अर्कातली साखर सातव्या दिवशी तेवढीच नसते. एकच ब्लँक सगळ्यांतून वजा केलात तर आलेख पुन्हा खोटा. सबस्ट्रेट ब्लँक (अर्काविना नुसतं सीएमसी) वेगळा, तो याची जागा घेत नाही. ब्लँकच फार लाल येत असेल, तर अमोनियम सल्फेटने प्रथिनं खाली बसवा आणि रात्रभर थंडीत डायलिसिस करा, म्हणजे साखर पडद्यातून निघून जाते.

सीनियरच्या थिसिसमधून प्रोटोकॉल उतरवू नका. माझ्याकडच्या प्रतीत ब्लँकचा उल्लेखच नव्हता. आणि गाईड निवडताना त्यांचे पेपर मोजण्यापेक्षा ते कच्ची वही मागतात का, हे विचारा. माझी कोणी मागितली नाही.

आडव्या लॅमिनारसमोर (गाळलेली हवा सोडणारं कपाट) बीजाणूंनी भरलेला फ्लास्क उघडू नका, वारा थेट तोंडावर येतो. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी असेल तर अफ्लाटॉक्सिन हे विषही असू शकतं.

चार महिने गेले म्हणून वर्ष जात नाही. सगळं नव्याने मोजायला मला पाच आठवडे लागले. पहिल्याच आठवड्यात केलेले स्लँट (नळीतल्या तिरप्या माध्यमावर जपलेली बुरशी) फ्रीजमध्ये शाबूत होते, म्हणून जमलं. तुमचे आजच करून ठेवा, तारीख घालून.