एका पायाने डबल ठोके: हील-टो बसवायचं कसं

ड्रमसेटवर फास्ट किक, म्हणजे पायाने वाजवायचा बास ड्रम, वाजवायची म्हटलं की बहुतेक जण आधी डबल पेडल (दोन्ही पायांनी एकच बास ड्रम वाजवायचं पेडल) घ्यायला धावतात, आणि ते घरी आल्यावर कळतं की डावा पाय उजव्याच्या निम्म्यानेही चालत नाहीये, मग ते पेडल पडून राहतं बॅगेतच. माझं तरी स्पष्ट मत आहे की आधी सिंगल पेडलवर एका पायाने सलग दोन ठोके साफ निघायला पाहिजेत, डबल पेडलचा खर्च नंतर. ड्रमर जॉन बोनमने १९६९ च्या लेड झेपलिन या रॉक बँडच्या पहिल्या अल्बमवर एकाच पेडलवर जी ट्रिपलेट्स (तीन-तीन ठोक्यांचे गट) वाजवलीत ती ऐकून भल्याभल्यांना वाटलं होतं की दोन बास ड्रम आहेत. तो नक्की कुठल्या पद्धतीने वाजवायचा यावर ड्रमर लोकांची अजून भांडणं चालतात, ते सोडा, आपण इथे हील-टो, म्हणजे टाच-चवड्याची पद्धत, बघू.

मुद्दा एवढाच आहे की मांडी एकदाच खाली येते आणि तेवढ्यात बीटर (पेडलचा ठोका मारणारा दांडा) दोनदा लागतो. हिशोब करून बघा, १८० च्या टेम्पोला (मिनिटाला १८० बीट) सिक्स्टीन्थ, म्हणजे बीटला चार ठोके, वाजवायच्या म्हणजे सेकंदाला १२ ठोके. डबल पेडलवर उजवा-डावा असे साधे वाजवले तर प्रत्येक पायाला सेकंदाला ६ वेळा खाली यायला लागतं, पण हील-टोने उजवा-उजवा-डावा-डावा वाजवलं तर प्रत्येक पाय फक्त ३ वेळा पडतो, म्हणजे बीटला एकदा. ताकद वाढवून स्पीड येतो हे डोक्यातून काढून टाका, उलट ताकद लावली की घोटा आखडतो आणि दुसरा ठोका गायबच होतो.

पेडल गाठण्याआधी सेटिंग बघून घ्या. स्टूलवर बसल्यावर कंबर गुडघ्यापेक्षा किंचित वर पाहिजे, स्टूल फार खाली असेल तर मांडी उचलायलाच जास्त कष्ट पडतात आणि पाठ दुखते ती वेगळीच. मग डोळे मिटून पाय सहज खाली सोडा, तो जिथे पडेल आणि ज्या दिशेला वळलेला असेल तिथेच, त्याच दिशेला पेडल आणा. लोक बास ड्रम एकदम नाकासमोर सरळ ठेवतात आणि मग पाय वाकडा करून वाजवतात, त्याने काही साधत नाही. स्प्रिंग मध्यम ठेवा. बीटर बोटाने मागे ओढून सोडला तर तो बराच वेळ झुलत राहिला पाहिजे, दोन-तीन झोक्यातच थांबत असेल तर बेअरिंगमधे धूळ बसलेली असणार, तिथे आणि चेनवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब टाका, बऱ्याच पेडलांमधे तेवढ्याने जीव येतो. जॅमरूममधल्या पेडलवर प्रॅक्टिसचा भरवसा ठेवू नका, तिथलं प्रत्येक पेडल कुणीतरी पिळून ठेवलेलं असतं, आपलं स्वतःचं पेडल आणि ड्रम की (सेटिंगचे नट पिळायची चावी) बॅगेत घेऊनच जा. आणि बास ड्रमचं ज्या बाजूला बीटर लागतो ते स्किन अगदीच ढिलं असेल, किंवा आत कोंबलेली उशी त्याला घट्ट चिकटली असेल, तर बीटर उसळून परत येत नाही, आणि हील-टो सगळं त्या उसळीवर चालतं. महाग पेडल लागतं का? नाही. लांब फुटबोर्डवालं (पाय ठेवायची पट्टी लांब) असेल तर थोडं सोपं जातं एवढंच.

आता मेन भाग. पहिले काही दिवस पेडलला हात, आय मीन पाय, लावायचा नाही. खुर्चीत बसा, पाय जमिनीपासून बोटभर वर धरा. आता टाच खाली टाका पण चवडा वरच राहू द्या. मग टाच वर उचलत उचलत चवडा खाली आणा. ठक-टप. आणि पाय परत हवेत, तिथे क्षणभर सैल सोडा. पुन्हा ठक-टप. दोन्ही आवाज सारखे यायला पाहिजेत, सुरुवातीला पहिला दणक्यात येतो आणि दुसरा नुसता फुसका. हे ऑफिसच्या टेबलाखाली, जेवताना, कुठेही करता येतं, शेजारचे थोडे वैतागतात पण चालतं.

पेडलवर गेल्यावर एक गोष्ट बदलते आणि इथेच सगळे अडकतात. जमिनीवर पहिला आवाज टाचेचा होता, पण साध्या पेडलवर फुटबोर्ड दोन्ही वेळा चवड्यानेच दाबला जातो. होतं असं की पूर्ण पाय वरून पडतो, पडताना चवडा बोर्डला ढकलतो, बीटर स्किनला लागतो, आणि त्याच पडण्यात टाच पुढे तशीच खाली हील प्लेटवर (मागच्या स्थिर पट्टीवर) जाते. टाच खाली गेल्यामुळे चवड्याचा दाब आपोआप सुटतो आणि बीटरला परत यायला वाट मिळते. हा सुटण्याचा क्षण म्हणजे सगळी ट्रिक. तो नसेल तर बीटर स्किनला चिकटून राहणार आणि तुम्ही दुसरा ठोका कितीही जोरात मारा, बीटर मागे आलेलाच नाही तर मारणार काय? बीटर परतीला लागला की मग टाच वर, चवडा खाली, दुसरा ठोका. पाय नेहमीपेक्षा थोडा मागे ठेवा, चवडा साधारण बोर्डच्या मध्यावर आणि टाच बिजागरीच्या आसपास. एकदम पुढे टो स्टॉपला पाय टेकवून वाजवायची सवय असेल तर आठवडाभर विचित्र वाटेल.

हे खरंच होतंय का ते बघायचं असेल तर मोबाइल जमिनीवर आडवा टेकवून बाजूने स्लो मोशनमधे शूट करा. कानाला दोन ठोके ऐकू येतात पण व्हिडिओत दिसतं की पहिल्या ठोक्यानंतर बीटर जेमतेम चार बोटंच मागे आला, किंवा चवडा बोर्डवरून सुटलाच नाही. मला विचाराल तर दहा ट्युटोरियल बघण्यापेक्षा स्वतःच्या पायाचा हा एक व्हिडिओ जास्त शिकवतो.

मेट्रोनोम ६० वर लावा. आधी प्रत्येक क्लिकला फक्त पहिला ठोका, पाय टाका आणि टाच खाली राहू द्या. नंतर फक्त दुसरा, म्हणजे टाच टेकलेली असताना तिथून उचलून चवडा. हा दुसरा एकटा वाजवायला कंटाळवाणा आहे, सगळे टाळतात, आणि म्हणूनच सगळ्यांचा दुसरा ठोका कमजोर असतो. दोन्ही सारख्या आवाजात यायला लागले की जोडा, क्लिकला दोन म्हणजे एट्थ नोट्स, पहिला क्लिकवर आणि दुसरा बरोब्बर मधे. एवढ्या स्लो टेम्पोला ही हालचाल उगाच ताणलेली वाटते, वाटू दे. मग दुसरा ठोका क्लिकवर येईल असं उलटं करा, टाच आधी अँडवर (दोन क्लिकच्या बरोब्बर मधे) आणि चवडा क्लिकवर, हे जमलं की समजा तुमचा दुसरा ठोका आता पहिल्याच्या मागे फरपटत येत नाहीये. त्यानंतरच सिक्स्टीन्थच्या जोड्या, दोन वाजवा दोन सोडा. टेम्पो पाच-पाचने वाढवा, आणि आवाज असमान झाला की दहाने खाली या, इगो बाजूला ठेवून.

एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे. नडगीच्या पुढचा स्नायू आणि पोटरी भरून येणार, ते नॉर्मल आहे, कारण पंजा वर धरून ठेवायची सवय त्या स्नायूला नसते. पण टोचल्यासारखी कळ आली, विशेषतः नडगीच्या हाडाशी किंवा टाचेच्या मागच्या शिरेत, तर तिथेच थांबायचं. जळजळ चालेल, कळ नाही.

चप्पल-बुटांचं सांगतो. जाड सोलचे स्पोर्ट्स शूज नको, बोर्ड जाणवतच नाही. पातळ सपाट सोल किंवा नुसते मोजे बेस्ट. अनवाणी पण चालतं, फक्त पावसाळ्यात दमट हवेत तळवा बोर्डला चिकटतो आणि पाय सरकत नाही, तेव्हा मोजे घालाच.

फ्लॅटमधे राहणाऱ्यांसाठी, हाताचं प्रॅक्टिस पॅड कुणाला ऐकू जात नाही पण किकचा दणका स्लॅबमधून थेट खालच्यांच्या छतावर उतरतो. नुसत्या रबर मॅटने काही होत नाही. जुनी कापसाची गादी, त्यावर प्लायवूड, त्यावर पेडल आणि किक पॅड, एवढं केलं की बराच फरक पडतो, तरी दुपारी दोन ते चार वाजवू नका.

वापरायचं कुठे? सगळ्यात आधी स्नेअरच्या (समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमच्या) ठोक्याच्या लगेच आधी. साध्या रॉक बीटमधे तिसऱ्या बीटच्या आधीची एक किक असते तिथे दोन टाका, किंवा चौथ्या बीटवरच्या स्नेअरच्या लगेच आधी दोन. मग ट्रिपलेट, हात-पाय-पाय, हात-पाय-पाय, हात आधी स्नेअरवर ठेवा आणि जमलं की टॉमवर फिरवा. इथे मजा यायला लागते. सलग मशीनगनसारखं वाजवायची घाई करू नका, कारण या पद्धतीची खरी अडचण तिथेच आहे, ठोके जोडीने येतात, त्यामुळे तीन किंवा पाच ठोक्यांचे गट वाजवताना मधेच थांबणं जड जातं, आणि आवाज साध्या मांडीच्या ठोक्यापेक्षा कमी असतो. मोठ्या आवाजाचा एकेक ठोका पाहिजे तिथे टाच वर ठेवून पूर्ण पायानेच वाजवा. डबल पेडलवर २०० च्या पुढे सलग एकेरी ठोके वाजवणारे मेटल ड्रमर बरेचदा फक्त घोट्याने वाजवतात, जॉर्ज कोलियसचे पाय बघा, मांडी हलतानाही दिसत नाही. ती वेगळी साधना आहे, आणि त्यात साधारण १६० ते १८० च्या मधे एक वाईट पट्टा लागतो जिथे मांडीने वाजवायला फास्ट पडतं आणि घोट्याने वाजवायला स्लो. हील-टोमधे हा पट्टा एवढा त्रास देत नाही.

ऑर्केस्ट्रा किंवा बेंजो पार्टीत ऑक्टापॅड (इलेक्ट्रॉनिक पॅडचं मशीन) वाजवणाऱ्यांना पण हे कामाचं आहे, किक ट्रिगर पेडल जोडलेलं असतंच. फक्त तिथे उसळ वेगळी असते, काही ट्रिगर पेडलमधे बीटर उलट्या दिशेने काम करतो, त्यामुळे किटवर बसलेलं तिथे पहिल्या दिवशी चालणार नाही, वेगळा सराव लागेल. आणि दुसरा ठोका हळू असेल तर मशीन तो धरतच नाही, तुम्हाला वाटतं पेडल खराब आहे. ट्रिगरचा थ्रेशोल्ड (किमान किती जोराचा ठोका मशीनने धरायचा ती मर्यादा) थोडा खाली आणून बघा, पण फार खाली नेला तर शेजारचा पॅड मारल्यावर स्टँड हलून किक आपोआप वाजायला लागते. तसं झालं की परत थोडा वर घ्या आणि उरलेलं काम चवड्यावर सोडा.