परवडणाऱ्या भाड्याच्या घरांसाठी ग्रँट मागताय? आधी या चुका टाळा

जानेवारी लागला की संस्थांची प्रपोजलं तपासणाऱ्या माझ्यासारख्याला फोन सुरू होतात. "भाऊ, कंपनीकडे सीएसआरचा पैसा उरलाय म्हणे, मार्चच्या आत द्यायचाय, आपल्या होस्टेलचं प्रपोजल दोन दिवसात होईल ना?" (सीएसआर म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकामावर खर्च करायचा नफ्यातला वाटा.) नाही होत. आणि जे दोन दिवसात होतं ते कसं होतं तेही माहीत आहे, कुणाचं तरी जुनं उचलायचं, नाव बदलायचं आणि पाठवून मोकळं व्हायचं. वर मार्चची घाई खरी असतेच असंही नाही. काम चालू प्रकल्पाचं असेल तर २०२१ पासून कंपनीला उरलेला पैसा वेगळ्या अनस्पेंट खात्यात टाकून पुढच्या तीन वर्षांत खर्च करता येतो. हे कंपनीच्या माणसाला माहीत असतं, पळत आपणच असतो.

नागपूरजवळ हिंगणा, बुटीबोरी, मिहान या उद्योगांच्या भागात कामाला येणाऱ्या पोरापोरींची कमी भाड्यात राहायची सोय करणाऱ्या संस्था मनापासून राबतात, त्याबद्दल वादच नाही. पण संस्थेची क्षमता वाढवायला ग्रँट मागताना सगळे त्याच दगडाला ठेचकाळतात.

इमारतीचा पैसा आणि संस्थेचा पैसा एकच समजणं

ही सगळ्यात मोठी. ही ग्रँट असते संस्थेची क्षमता वाढवायला आणि प्रपोजलमध्ये असतो स्लॅब, टाइल्स, पाण्याची टाकी. बांधकामाची दारं वेगळी आहेत. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये भाड्याच्या घरांचा वेगळा घटक आहे, त्यात नव्या तंत्राने बांधलं तर केंद्राकडून चौरस मीटरला ३,००० आणि राज्याकडून २,००० रुपये अशी टेक्नॉलॉजी ग्रँट आहे. ती बांधायला आहे, तुमच्या अकाउंटंटच्या पगाराला नाही.

मग क्षमता म्हणजे काय, तर वर्धा रोडवरच्या हॉटेलात दोन दिवसांची कार्यशाळा, बॅनर, फोल्डर आणि जेवण. राजेहो, त्याने कोणाची काय क्षमता वाढते? मी संस्थेच्या सचिवांना एकच विचारतो, "आत्ता सांगा, कोणत्या खोलीचं भाडं थकलंय?" उत्तर जर "ती वही ताईंच्या घरी आहे" असं आलं, तर बजेटची पहिली ओळ तिथेच सापडली. अर्धवेळ हिशोबनीस, भाड्याचं नीट रजिस्टर, करारनामे आणि पोलीस व्हेरिफिकेशन बघणारा एक माणूस, जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट. हे मागायला लोकांना लाज वाटते, कारण फित कापायला काही नसतं.

यातच एक गैरसमज, की प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांवर मागताच येत नाही. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेने त्या प्रकल्पासाठी ठेवलेला माणूस त्यात मोजत नाहीत, केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या खुलाशात हे सांगितलंय. तरी दर वर्षी कोणीतरी पगार कापून ५ टक्क्यांत कोंबतो आणि मग सहा महिन्यांनी माणूस सोडून गेला म्हणून रडतो.

चेंज रिपोर्ट

यावर मी कितीही बोलू शकतो. आपल्या ट्रस्टवर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० लागतो, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. कोण देतं? "करू ना, घाई काहून?"

एका संस्थेचं सांगतो, नाव नको. नोकरी करणाऱ्या मुलींचं होस्टेल, काम एक नंबर, मुली स्वतःहून चांगलं बोलणाऱ्या. देणगीदार कंपनीची दोन माणसं मुंबईहून आली, खोल्या बघितल्या, स्वयंपाकघर बघितलं, जाम खूष, म्हणाले आता फक्त कागद द्या. शेड्यूल-वनची, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीची, नक्कल काढली तर त्यावर अध्यक्ष म्हणून ज्यांचं नाव, त्यांचाच हार घातलेला फोटो ऑफिसच्या भिंतीवर! खजिनदार पोराकडे पुण्याला राहायला गेलेले, त्यांचंही नाव तसंच. ज्या अध्यक्षांनी प्रपोजलवर सही केली ते रेकॉर्डवर विश्वस्तच नाहीत. मग धावपळ, जुने ठराव शोधा, मिनिट बुक शोधा, एका वर्षाचं तर वाळवीने खाल्लेलं, वकील म्हणे उशीर माफीचा अर्ज वेगळा लागेल. कंपनीने थोडे दिवस वाट बघितली आणि पैसा दुसऱ्या जिल्ह्यात दिला. यात कंपनीचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

माझी सवय सोपी आहे. प्रपोजलचा एक शब्द लिहायच्या आधी शेड्यूल-वनची ताजी नक्कल टेबलावर पाहिजे. ती नसेल तर चहा पिऊ, गप्पा मारू, काम नाही.

याच कायद्याचं कलम ३६ पण बघून ठेवा. ट्रस्टची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या लीजवर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. "दुसऱ्या संस्थेला दहा वर्षं चालवायला देऊ" असं प्रपोजलमध्ये आरामात लिहून टाकतात.

बारा महिने फुल्ल

४० खाटा, २,५०० रुपये भाडं, महिन्याला १ लाख, वर्षाला १२ लाख. एक्सेलमध्ये छान दिसतं. बाप्पा, मे महिन्यात नागपुरात कोण थांबतं? शिकणारी पोरं परीक्षा संपली की गावाला, खाटा रिकाम्या, आणि जे राहतात त्यांचे कूलर रात्रंदिवस सुरू, म्हणजे भाडं कमी आणि बिल जास्त एकाच महिन्यात. मी वर्षाचे १५ टक्के रिकामेच धरतो, म्हणजे १० लाख २० हजार, आणि त्यातले १० टक्के दुरुस्तीला बाजूला काढूनच पुढचा हिशोब करतो. आकडा वाईट दिसतो म्हणून सचिव नाराज होतात. होऊ दे.

नेटवरून उचललेला फॉरमॅट

एकाने लिहिलं होतं की भाडेकरू "एरिया मीडियन इन्कम"च्या (म्हणजे त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या) ८० टक्क्यांखालचे असतील, आणि आम्ही एकास तीन मॅच, म्हणजे ग्रँटच्या तिप्पट पैसा, आणू. ही अमेरिकेची भाषा आहे. तिथे हड या गृहनिर्माण खात्याची सेक्शन ४ ग्रँट एंटरप्राइज, लिस्क आणि हॅबिटॅट अशा राष्ट्रीय संस्थांमार्फत खालच्या संस्थांपर्यंत जाते आणि एका डॉलरमागे तीन डॉलर उभे करावे लागतात. इथल्या कंपनीच्या माणसाने विचारलं, तिप्पट कुठून आणणार? गप्प. आपल्याकडे आवास योजनेत उत्पन्न गट आहेत, वर्षाला ३ लाखांपर्यंत ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), ६ लाखांपर्यंत एलआयजी (अल्प उत्पन्न), ते लिहा.

बाकीच्या चुका

सीएसआर-१ फॉर्म, म्हणजे सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेची सरकारकडची नोंदणी, न भरताच कंपनीला भेटायला जाणं. १ एप्रिल २०२१ पासून ते बंधनकारक आहे, तरी.

"मोठी संस्था फॉरेनचा पैसा घेईल, आम्हाला वाटा देईल." २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेला, पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. विषय संपला.

सीएसआरमध्ये कोणती कामं चालतात याची यादी असलेल्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात महिला आणि अनाथांसाठी होस्टेल स्पष्ट लिहिलंय, पुरुष कामगारांचं तसं नाही. त्यामुळे मजुरांच्या होस्टेलचं प्रपोजल कोणत्या कलमात बसतं हे आधी कंपनीच्या माणसाशी बोलून घ्या.

जीएसटी उगाच धरू नका, माणशी महिन्याला २०,००० पर्यंत भाडं आणि सलग ९० दिवस मुक्काम असेल तर जुलै २०२४ पासून सूट आहे. पण मग मुक्कामाची नोंद दाखवता आली पाहिजे, म्हणजे परत त्या ताईंच्या घरच्या वहीवर आलो.

आणि करारनामे. खोल्या लीव्ह अँड लायसन्सवर देत असाल तर भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे नोंदणी लागते आणि ती करून घ्यायची जबाबदारी मालकाची, म्हणजे संस्थेची. "आपलीच पोरं आहेत, कागद कशाला" म्हणणाऱ्यांनी निदान मला प्रपोजल तपासायला पाठवू नये.